सनरूफमधून पाणी का येतं, आणि काच फुटली तर काय करायचं

नाशकात मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की गॅरेजवाल्यांना एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात: छतातून पाणी येतंय. कुणाच्या आतल्या दिव्यातून थेंब पडतात, कुणाचं पायाखालचं मॅट ओलं लागतं, कुणाला पाणी दिसतच नाही पण गाडीचं दार उघडलं की कुबट वास येतो. गाडीमालकाचं निदान बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं, 'रबर गेलं'. मग सिलिकॉनची ट्यूब आणून काचेभोवती गच्च लावली जाते आणि पुढच्या मोठ्या पावसात पाणी पुन्हा आत येतं.

सनरूफच्या काचेभोवतीचं रबर पाणी पूर्णपणे अडवायला बसवलेलंच नसतं. वारा, आवाज आणि बराचसा पाऊस बाहेर ठेवणं एवढंच त्याचं काम. थोडं पाणी रबर ओलांडून आत येणार, हे धरूनच सनरूफची रचना केलेली असते. आत आलेलं पाणी बिनबोभाट बाहेर काढून देण्यावर सगळी मदार असते. म्हणून गळणाऱ्या सनरूफकडे बघताना पहिला प्रश्न 'पाणी आत कुठून आलं' हा नसून 'बाहेर का गेलं नाही' हा असायला हवा.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यांना छपराच्या कडेने पन्हाळ असते आणि कोपऱ्यात खाली उतरणारा नळ असतो. सनरूफची रचना अगदी तीच आहे. काचेखाली, छताच्या पत्र्याच्या आत, चौकटीभोवती एक उथळ पन्हाळ फिरते. रबराखालून आलेलं पाणी त्यात पडतं आणि कोपऱ्यांकडे वाहतं. बहुतेक गाड्यांत चार कोपऱ्यांना चार बारीक नळ्या असतात, करंगळीपेक्षाही बारीक. पुढच्या दोन नळ्या समोरच्या काचेच्या बाजूच्या खांबांतून, म्हणजे ए पिलरमधून, खाली उतरतात आणि पुढच्या दाराच्या बिजागरीजवळ किंवा चाकावरच्या प्लास्टिकच्या आवरणामागे सुटतात. मागच्या दोन मागच्या खांबांतून उतरून मागच्या बंपरच्या आत किंवा चाकाजवळ बाहेर येतात. नळीच्या शेवटी बऱ्याच गाड्यांत रबराची चिरेची टोपी असते. तिच्यातून पाणी बाहेर पडतं, पण धूळ आणि किडे आत शिरत नाहीत. निदान तशी अपेक्षा असते, कारण चिखल साचून तीच टोपी सगळ्यात आधी चिकटते.

पॅनोरमिक, म्हणजे जवळपास छतभर काच असलेल्या सनरूफमध्ये तत्त्व हेच, फक्त पन्हाळ लांब आणि नळ्याही लांब. त्यात सहसा पुढची काच सरकते आणि मागची जागेवर चिकटवलेली असते. मागच्या काचेची गळती हे वेगळं प्रकरण आहे, ते पुढे.

जूनमध्येच का?

ऑक्टोबर ते मे असे आठ महिने या पन्हाळीत पाणी जवळपास जातच नाही. जाते ती धूळ. नाशकात तिला तोटा नाही. सिंहस्थाच्या तोंडावर रस्त्यांची कामं चालू आहेत, निफाड-दिंडोरीकडे शेतातली माती उडते, अंबड-सातपूरकडे कारखान्यांबाहेर गाड्या दिवसभर उघड्यावर उभ्या असतात. त्यात सावलीसाठी आपण गाडी झाडाखाली लावतो. गुलमोहराच्या पानांचे बारके तुकडे आणि कडुनिंबाचा मोहर रबराच्या फटीतून सहज आत उतरतो. कधी मुंग्या नळीत माती भरतात, कधी कुंभारमाशी तिच्या तोंडाशी घर करते. हे सगळं कोरडं असतं तोवर काही कळत नाही. पहिल्या पावसाने त्याचा चिखल होतो, तो नळीच्या तोंडाशी बसतो, पन्हाळ भरते आणि पाणी काठावरून आत, छताच्या कापडावर उतरतं.

गाडी चालू असताना सगळं कोरडं, पण ब्रेक मारला की आतल्या दिव्यातून भसकन पाणी आलं, असं झालं तर समजायचं की पन्हाळ तुडुंब आहे आणि हेलकावा बसून पाणी पुढे सांडलं. उतारावर लावलेल्या गाडीत पाणी एकाच बाजूला येत असेल, तर त्या खालच्या बाजूच्या नळीवर पहिला संशय घ्यावा. सोसायटीच्या रॅम्पवर रोज नाक खाली करून गाडी लावणाऱ्यांच्या पुढच्या नळ्यांवर सगळा भार येतो.

पावसाळ्यात इगतपुरी-भंडारदऱ्याकडे रस्त्याकडेच्या धबधब्याखाली गाडी उभी करून आत बसायचा प्रकार वाढलाय. या नळ्या पावसासाठी बनवलेल्या आहेत. धबधब्याचं पाणी एका जागी, जोराने आणि पावसाच्या कितीतरी पट पडतं, त्यामुळे नळ्या स्वच्छ असल्या तरी पन्हाळ भरून वाहू शकते. तिथे गाडीला दोष देण्यात अर्थ नाही. वॉशिंग सेंटरवरच्या प्रेशर जेटचंही तेच: फवारा थेट रबराच्या फटीवर मारू नका, असं धुणाऱ्याला आधीच सांगावं.

घरच्या घरी तपासणी

ही तपासणी करायला मेकॅनिक लागत नाही. कोरड्या दिवशी गाडी सपाट जागेवर लावा आणि सनरूफ पूर्ण उघडा. आधी ओल्या फडक्याने पन्हाळ पुसून घ्या, दिसणारी पानं-माती हाताने काढा. ती पाण्याने ढकलली तर नळीतच जाईल. मग टॉर्च घेऊन पुढच्या दोन कोपऱ्यांतली भोकं शोधा. मागची भोकं, विशेषतः पॅनोरमिकमध्ये, काचेखाली दडलेली असतात आणि सगळ्या गाड्यांत हाताला येत नाहीत. नाही सापडली तर ती सर्व्हिस सेंटरवर सोडा, काच उचकटायला जाऊ नका.

आता अर्धा कप पाणी एका कोपऱ्यात हळूहळू सोडा. इंजेक्शनची मोठी सिरिंज किंवा निमुळत्या तोंडाची बाटली असेल तर उत्तम, म्हणजे पाणी सांडत नाही. दुसऱ्या कुणाला तरी खाली वाकून चाकाजवळ बघायला सांगा. काही सेकंदांत जमिनीवर धार लागली तर ती नळी ठीक आहे. थेंब थेंब पडत असेल तर अर्धी तुंबलेली. खाली काहीच येत नाही आणि पन्हाळीतलं पाणीही तसंच उभं असेल तर पूर्ण बंद. चौथी शक्यता सगळ्यात वाईट: पन्हाळीतलं पाणी कमी होतंय, पण बाहेर कुठेच पडत नाही. म्हणजे नळी आत कुठेतरी निसटलीय किंवा फाटलीय आणि तुम्ही ओतलेलं पाणी गाडीतच जातंय. तिथेच थांबा. हे काम छताचं कापड उतरवूनच होतं.

तुंबलेली नळी साफ करायला गवत कापायच्या यंत्रात घालतात ती नायलॉनची जाड दोरी फार उपयोगी पडते. हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तिचं टोक जरा तापवून गोल करून घ्या, म्हणजे नळीला टोचणार नाही. वरच्या भोकातून हळूहळू फिरवत आत सारा. अडली की मागे घ्या, पुन्हा फिरवा, जोर लावू नका. खालच्या टोकाची रबरी टोपी हाताला येत असेल तर तिची चीर बोटांनी दाबून उघडा. बऱ्याचदा चिखलाची एक गोळी निघते आणि काम तिथेच संपतं. शेवटी कोमट पाण्यात थोडा शाम्पू घालून सोडा. फिनाइल, ॲसिड, नाली साफ करायची पावडर यांतलं काहीही नको.

टायरच्या दुकानातली हवा मारून नळी मोकळी करण्याची पद्धत मला साफ नापसंत आहे. ही नळी वरच्या तोटीवर नुसती दाबून बसवलेली असते. दाबाची हवा अडथळ्याला धडकली की मागे फिरते आणि नळी तोटीवरून उडवते. मग पन्नास-शंभर रुपयांत झालं म्हणून खूश असलेल्या माणसाला पुढच्या पावसात छत उतरवायला लागतं. सायकलच्या ब्रेकची तार किंवा लोखंडी गज यांनी नळी फाटते, तोही मार्ग बंद.

वर्षातून दोनदा हे केलं तर पुरतं. एकदा मेच्या अखेरीस, एकदा पाऊस ओसरल्यावर दसरा-दिवाळीच्या साफसफाईत. गाडी कायम झाडाखाली असेल तर मधे पन्हाळ तेवढी पुसत जावी. रबर ओल्या फडक्याने पुसून त्यावर रबरासाठीचं सिलिकॉन ग्रीस किंवा स्प्रे हलक्या हाताने लावावा. इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस लावलं तर खनिज तेलाने रबर फुगतं. खोबरेल तेलावर धूळ बसते.

सिलिकॉन ग्रीस आणि काच चिकटवायचं सिलिकॉन सीलंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानदार 'सिलिकॉन द्या' म्हटल्यावर कुठलंही देतो. सीलंट फटीत भरलं की काच पत्र्याला चिकटते, बटण दाबल्यावर मोटर ओढत राहते, आणि एक तर यंत्रणा मोडते किंवा काच. शिवाय ते ओघळून पन्हाळीत गेलं तर होता तो रस्ताही बंद होतो. वॉरंटीतली गाडी असेल तर 'बाहेर छेडछाड झालीय' म्हणून हात वर करायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

पाणी सनरूफचं नसलं तर?

पायाखाली ओल दिसली की सनरूफला पकडायची घाई होते. सगळ्यात जास्त फसवतो तो एसी. एसीतून निघणारं पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली की ते डॅशबोर्डखालून समोरच्या सीटच्या पायाशी येतं. उन्हाळ्यातही, पाऊस नसताना, एसी चालवल्यावर ओल आली तर हाच गुन्हेगार. वायपरखालच्या जाळीत पानं साचली की तिथलं पाणी आत शिरतं. पूर्वी समोरची काच बदललेली असेल तर तिच्या चिकटवणीतून ए पिलरमध्ये पाणी उतरतं आणि ते हुबेहूब सनरूफच्या नळीसारखं दिसतं. छतावरच्या अँटेनाचं रबर, रूफ रेलचे बोल्ट, दाराच्या आतलं प्लास्टिक, हेही संशयित आहेत.

शोधायची पद्धत एकच: एक जण आत टॉर्च घेऊन बसतो, दुसरा बाहेरून साध्या पाइपने हलकं पाणी सोडतो. सुरुवात खालून. आधी दार, मग समोरच्या काचेची खालची कड, मग बाजू, आणि सगळ्यात शेवटी छत. प्रत्येक ठिकाणी काही मिनिटं थांबायचं. पहिल्यांदाच छतावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून वाहतं आणि काहीच सिद्ध होत नाही.

क्वचित रबर खरंच गेलेलं असतं. ते चिरलेलं, कडक झालेलं किंवा एका बाजूला चपटं बसलेलं दिसतं. कागदाची पट्टी काचेखाली धरून सनरूफ बंद करा आणि ओढून बघा. जिथे ती अडखळत येते तिथे रबर दाबलं जातंय, जिथे सुळकन निघते तिथे फट आहे. काचेची उंचीही बघावी. बंद असताना काचेची पुढची कड छताच्या पातळीत किंवा किंचित खाली, आणि मागची कड पातळीत किंवा किंचित वर असते. पुढची कड वर आली तर वारा आणि पाणी दोन्ही आत ढकललं जातं, गाडी पळताना शिट्टीसारखा आवाजही येतो. ही उंची स्क्रूने जुळवता येते, पण ते काम त्या मॉडेलची मापं असलेल्यानेच करावं.

पॅनोरमिकची मागची स्थिर काच पीयू म्हणजे पॉलियुरेथेनच्या चिकट थराने बसवलेली असते. हा थर कुठे सुटला तर नळ्या कितीही साफ केल्या तरी उपयोग नाही. काच काढून, जुना थर खरवडून पुन्हा चिकटवावी लागते. वरून बोट फिरवून सीलंट लावणारा कारागीर तुमचा एक पावसाळा काढून देईल, एवढंच.

आत शिरलेलं पाणी

गळती थांबली म्हणजे काम झालं, असं नाही. गाडीच्या कार्पेटखाली जाड फोम असतो. वरून कार्पेट कोरडं लागतं आणि खाली फोम पाणी धरून बसलेला असतो. गुडघ्याने जोरात दाबून बघा. सकाळी सगळ्या काचांना आतून दव धरत असेल तर कुठेतरी पाणी साचलंय हे नक्की. हल्लीच्या गाड्यांत सीटखाली, कार्पेटखाली आणि डॅशबोर्डच्या कडेला वायरिंगचे जोड आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असतात. पाण्याने त्यांच्या पिना हिरव्या पडतात आणि मग पॉवर विंडो आपोआप चालणं, डॅशवर भलतेच दिवे लागणं असले प्रकार चार महिन्यांनी सुरू होतात. तोवर पावसाचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून कार्पेट उचलून फोम वाळवलाच पाहिजे. मेमध्ये नाशकाचं ऊन दोन दिवसांत काम करतं. जुलैत ऊन मिळत नाही. मग फोममधलं पाणी व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं, कार्पेटखाली काहीतरी टेकू देऊन हवा खेळती ठेवायची, आणि गाडी चालवताना एसी आणि हीटर एकत्र लावायचे. एसी हवेतला दमटपणा काढतो, हीटर फोम तापवतो. ए पिलरचं किंवा छताच्या कडेचं प्लास्टिक मात्र स्वतः उपसू नका. बऱ्याच गाड्यांत त्यामागे कर्टन एअरबॅग असते. सीटखालच्या पिवळ्या वायरींनाही हात लावायचा नाही, त्याही एअरबॅगच्याच.

काच फुटली

इथे गोष्ट पूर्ण बदलते. सनरूफची काच बहुतेक गाड्यांत टफन्ड असते. काही महागड्या किंवा मोठ्या पॅनोरमिक छतांत लॅमिनेटेड असते. काचेच्या कोपऱ्यातल्या छापावर बऱ्याचदा ते लिहिलेलं सापडतं.

टफन्ड काच करताना साधी काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवतात आणि हवेचे झोत मारून झटकन थंड करतात. वरचा थर आधी आवळतो, आतला नंतर. त्यामुळे पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा कायम ताणाखाली राहतो. याच ओढाताणीमुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते, आणि याचमुळे एकदा चीर गाभ्यापर्यंत पोचली की सगळी काच एका क्षणात बारीक खड्यांत फुटते. तिच्यात चीर तशीच राहून जात नाही. म्हणून टफन्ड सनरूफ 'रेझिन भरून' दुरुस्त होत नाही, ती कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. बदलावीच लागते. लॅमिनेटेड काचेत दोन काचांच्या मधे प्लास्टिकचा पापुद्रा असतो, तिला तडा जाऊनही ती जागेवर राहते. तुमच्या छताच्या काचेत रेघ दिसत असेल आणि काच शाबूत असेल, तर ती बहुधा लॅमिनेटेड आहे. तिच्यावरचा अगदी छोटा टवका भरता येतो, कडेपर्यंत गेलेला तडा नाही.

'उभ्या गाडीची काच आपोआप फुटली' असं कुणी सांगितलं की लोक हसतात. पण हे घडतं. काचेच्या रसात निकेल आणि गंधकाचा सूक्ष्म कण राहून गेला तर काच तापवताना त्याची रचना बदलते आणि झटकन थंड केल्यावर तो त्याच अवस्थेत अडकतो. पुढे महिन्या-वर्षांनी तो हळूहळू मूळ रूपात येतो आणि दोन ते चार टक्के फुगतो. काचेच्या ताणाखालच्या गाभ्यात तो असेल तर तेवढं पुरतं. तरीही रस्त्यावरचा उडालेला खडा, कॅरिअर बांधताना कडेला लागलेला मार, चुकीची बसवणी, ही कारणं जास्त सापडतात. टफन्ड काच मध्यभागी दणकट आणि कडेला नाजूक असते. कडेला बसलेला टवका महिनोन्‌महिने गप्प राहून एखाद्या खड्ड्यात काच फोडतो.

तापलेल्या छतावर थंड पाणी मारलं म्हणून काच फुटली, ही समजूत मात्र सोडून द्यायला हवी. धडधाकट टफन्ड काच साधारण २०० अंशांचा फरक सहन करते. मेमधल्या दुपारी धुतल्याने ती फुटली असेल, तर ती आधीच जखमी होती.

आपल्या जिल्ह्यात आणखी एक कारण आहे: गारपीट. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात निफाड, दिंडोरी, चांदवड, सटाणा या पट्ट्यात द्राक्षबागा झोपवणाऱ्या गारा गाडीचं छतही सोडत नाहीत. अंदाज असेल तर गाडी छपराखाली घ्यावी. छप्पर नसेल तर जाड गोधडी छतावर अंथरून दोरीने बांधावी. महामार्गावर सापडलात तर पुलाखाली लेनमध्ये थांबू नका, मागून येणाऱ्याला तुम्ही दिसणार नाही. पेट्रोलपंप गाठा.

चालत्या गाडीत काच फुटली तर बंदुकीच्या गोळीसारखा आवाज होतो आणि घाबरून स्टिअरिंग हलतं. धोका तिथे जास्त आहे. हात स्थिर ठेवून वेग कमी करा, इंडिकेटर देऊन कडेला घ्या. आतला पडदा सरकत असेल तर हलकेच ओढून घ्या, खडे डोक्यावर पडणार नाहीत. सनरूफचं बटण अजिबात दाबू नका. खडे रुळांत गेलेले असतात, यंत्रणा फिरली की केबल तुटते आणि काचेच्या खर्चात संपूर्ण असेंब्लीची भर पडते. काही झाडण्याआधी फोटो आणि व्हिडिओ काढा: छत वरून, आतून, आणि काचेचे तुकडे जिथून पसरलेत असं वाटतं ती जागा जवळून. नंतर विमा कंपनीशी किंवा शोरूमशी बोलताना हेच कामाला येतं.

मग हातमोजे घालून सुटे खडे उचला, उरलेले व्हॅक्यूमने घ्या. भोकावर जाड प्लास्टिकचा कागद बाहेरून लावा. टेप छताच्या रंगावर येणार असल्याने रंगकामाची मास्किंग टेप वापरा, पॅकिंगची चिकटपट्टी उन्हात रंगावर डाग सोडते. असं झाकून गाडी हळू चालवत जवळच्या ठिकाणी न्यायची. मुंबईहून येताना कसाऱ्यात हे झालं तर प्लास्टिक लावून घाट चढून १०० च्या वेगाने घरी यायचा विचार करू नका, वाऱ्याने कागद फाटतो.

नवी काच बसवताना मेकॅनिककडून दोन गोष्टी करून घ्या. पन्हाळ आणि चारही नळ्या खडे काढून साफ झाल्यात का, कारण काचेचे खडे नळीच्या तोंडाशी बरोब्बर अडकतात. आणि काच बसवल्यावर सनरूफचं इनिशियलायझेशन, म्हणजे काचेच्या दोन्ही टोकांची जागा मोटरला पुन्हा शिकवणं, झालंय का. ते नसेल तर बोट अडकल्यावर काच मागे घेणारी सुरक्षा नीट चालत नाही. काचेवर आयएसआयची खूण आणि आयएस २५५३ हा मानकाचा क्रमांक आहे का तेही बघून घ्या.

पैसे कोण देणार

फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर काच तुमच्या खिशातून. सर्वसमावेशक पॉलिसीत दगड, गारा, चोरीचा प्रयत्न, अपघात यांनी फुटलेली काच येते. काचेवर घसारा कापला जात नाही, रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर मात्र ५० टक्के कापला जातो. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं ॲड-ऑन, घेतलं असेल तर तो वाचतो. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये प्रत्येक दाव्यात सक्तीने तुम्हीच भरायचे. काम सुरू करण्याआधी कंपनीला कळवायचं. ५०,००० रुपयांवरच्या दाव्याला परवानाधारक सर्व्हेअर लागतो.

दावा करावा की नाही, हा खरा प्रश्न आहे. क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, जातो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशा पायऱ्यांनी चढावा लागतो. समजा तुमचा स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम बोनसआधी १६,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के. प्रीमियम तेवढाच राहिला असं धरलं तर पुढची पाच वर्षं तुम्ही अनुक्रमे ८,०००, ४,८००, ४,०००, २,४०० आणि ८०० रुपये जास्त भराल, म्हणजे एकूण २०,०००. काचेचं बिल याच्या आसपास असेल तर क्लेम करून हाती फारसं काही लागत नाही. बोनस संरक्षणाचं ॲड-ऑन असेल, किंवा तुमची कंपनी नुसत्या काचेच्या दाव्याला बोनसमधून सूट देत असेल, तर गणित वेगळं. पॉलिसी उघडून वाचा, एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

तुंबलेल्या नळीमुळे आत शिरलेलं पाणी विम्यात सहसा बसत नाही, कारण ती देखभालीची बाब धरली जाते. वॉरंटीतही सर्व्हिस सेंटर हाच शब्द वापरतं. पण नळी कारखान्यातूनच चिमटलेली, तोटीवर न बसवलेली किंवा चुकीच्या जागी गेलेली निघाली तर तो निर्मितीतला दोष आहे, आणि तो दुरुस्त करून मागायचा तुम्हाला हक्क आहे. त्यासाठी जॉब कार्डवर 'पाणी गळती' एवढंच न लिहू देता कोणत्या कोपऱ्यात, कशाने, काय सापडलं हे लिहून घ्या. वरच्या पाण्याच्या चाचणीचा व्हिडिओ जवळ ठेवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, आणि ५० लाखांपर्यंतच्या किमतीच्या व्यवहाराची तक्रार नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत करता येते.

बाहेरून पत्रा कापून सनरूफ बसवायचा विचार असेल तर माझं मत सरळ आहे: नको. छताचा पत्रा आणि त्याखालच्या पट्ट्या गाडी उलटल्यावर तुम्हाला वाचवतात. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि कळवला नसलेला बदल बघून विमा कंपनी दाव्यावर बोट ठेवते. गळतीचं म्हणाल तर या कामांत पन्हाळ आणि नळ्या बहुधा कामचलाऊच असतात.

सनरूफवाली जुनी गाडी घेत असाल तर शक्यतो पावसाळ्यात किंवा गाडी नुकतीच धुतलेली असताना बघा. आतल्या दिव्याभोवती आणि पडद्याच्या कडेला छताच्या कापडावर पिवळट डाग आहेत का? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आत गुंडाळलेल्या भागावर बुरशी किंवा पाण्याची रेघ दिसते का? सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेत का? काचेभोवती सीलंटचा थर असेल तर मालकाने आधीच एकदा प्रयत्न करून बघितलेला आहे. सनरूफ दोन-तीनदा उघडून मिटून आवाज ऐका आणि मग बाटलीभर पाणी घेऊन पन्हाळीची चाचणी तिथेच करा. चारही नळ्यांतून धार लागली तर पुढचं बोलणं करा. नाही लागली तर छताचं कापड उतरवून नळ्या बदलायचा अंदाज गॅरेजमधून लेखी घ्या आणि तो आकडा किमतीतून वजा करून सांगा.